काकांनी डबे बाराखडीप्रमाणे लावले

‘‘ताई, रिटायर झालेल्या माणसाला परत कामावर घेतात का हो कुठे?’’

पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या काकूंनी पहिलाच प्रश्न हा विचारला, तेव्हा मला वाटलं पैशाची ओढाताण असेल. तसं काही नव्हतं. पेन्शन व्यवस्थित, डोंबिवलीतला वन बीएचके स्वतःचा, मुलगा बंगळुरूला नोकरीत. ‘‘पगार नकोच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सकाळी सातला यांना घेऊन जा नि रात्री आठला आणून सोडा. डबा मी देते.’’

साठीच्या आसपासच्या ज्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यातल्या बऱ्याच जणी थोड्याफार फरकाने हेच सांगतात. हे दिवसभर घरात असतात. हे मागे मागे फिरतात. यांना काही व्यसन नाही, स्वभावाने चांगले आहेत, पण... आणि ‘पण’च्या पुढे गाडी अडते. नवरा पीत नाही, मारत नाही, उलट ‘मी करू का काही’ म्हणून विचारतो, मग हिचं दुखतंय तरी काय, असं माहेर-सासर आणि शेजारपाजार मिळून विचारतात. शेवटी बाईलाच वाटायला लागतं की आपलंच डोकं फिरलंय. म्हणून ही एक हकीकत, दोघांना विचारून लिहिलेली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डब्यांचे बदललेले नाहीत.

काका एका सरकारी खात्याच्या भांडार विभागात होते. आलेला माल मोजून घ्यायचा, नोंदवहीत चढवायचा, मागणीपत्राशिवाय खिळाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि नव्या मालाच्या आधी जुना माल संपवायचा. या शिस्तीवर त्यांची सगळी नोकरी गेली. साठाव्या वर्षी निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, अष्टविनायकही उरकले. मग एका सकाळी त्यांनी दोनशे पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं : ‘जडवस्तू संग्रह नोंदवही – स्वयंपाकघर’.

मोजणी सुरू झाली. पातेली अकरा, झाकणं सात. ‘‘मेळ लागत नाही,’’ काका म्हणाले. काकूंनी सांगितलं की मोठ्या पातेल्यावर ताट ठेवतो आपण, तेव्हापासून आजपर्यंत. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘झाकण : ताटाने भागवले जाते’. पुढे लाटणी तीन निघाली. पोळपाट एक नि लाटणी तीन कशी, असा खुलासा मागवण्यात आला. आता पोळीचं लाटणं वेगळं, पुरणपोळीला जरा लांब नि हलकं लागतं, आणि पापडाचं बारीक, रेघा पाडलेलं असतं. हे मला सांगताना काकूंचा आवाज चढला. ‘‘इतकी वर्षं तिन्हींवरचं खाल्लंय हो या माणसाने!’’

इथपर्यंत त्या हसत सांगत होत्या. पुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

एक दिवस त्या केळवणाला बदलापूरला गेल्या. संध्याकाळी परत आल्या तर स्वयंपाकघर बदललेलं. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव, आणि सगळे डबे बाराखडीच्या क्रमाने. नावंसुद्धा भांडाराच्या रीतीने, म्हणजे जात आधी नि प्रकार मागून. ‘डाळ, तूर’. ‘डाळ, हरभरा’. ‘पीठ, ज्वारी’. ‘मसाला, गोडा’. आणि ज्याला नेमकं एक नाव देता येईना, तो मिसळणाचा डबा मोडीत काढलेला. त्यातल्या सातही वाट्या रिकाम्या करून ज्याचा माल त्याच्या अक्षराखाली रवाना झाला होता.

काकूंनी काही न बोलता आमटी करायला घेतली. तेल तापलं. मोहरी ‘म’ला, मांडणीच्या वरच्या फळीवर. ती आणून टाकली, तडतडायला लागली. जिरं ‘ज’ला, ओट्याखालच्या ट्रॉलीत. वाकून काढलं. हिंग नि हळद ‘ह’ला, म्हणजे बाराखडी संपते तिथे, फ्रीजच्या डोक्यावर. स्टूल ओढून हिंग हातात येईपर्यंत मोहरीचा कोळसा झाला होता आणि घरभर ठसका. हॉलमधून काका खोकत आले नि म्हणाले, ‘‘आच जरा कमी ठेवत जा.’’

‘‘त्या दिवशी मी रडले,’’ काकू म्हणाल्या. ‘‘फोडणीसाठी नाही. माझ्याच ओट्यावर मला हिंगाचा पत्ता शोधत फिरावं लागलं, त्याचं रडू आलं.’’

ज्याने फोडणी केली आहे त्याला हे लगेच कळेल. तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद हा सगळा खेळ काही सेकंदांचा आणि हळद शेवटी, कारण ती आधी करपते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ज्या क्रमाने हात जातो त्या क्रमाने असतात, बघायचीही गरज पडत नाही. काकांच्या गोदामात माल शोधायचा असायचा, काकूंच्या ओट्यावर तो हाताला लागायचा असतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शास्त्रशुद्ध. मला यात कोणी मूर्ख दिसलं नाही, हे मी काकूंना सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

पुढच्या वेळी काका एकटे आले. वेळेच्या आधी, हातात फाइल घेऊन. त्यांची बाजू ऐकण्यासारखी होती. ‘‘मॅडम, तुम्ही आमचं किचन बघा. पेढ्यांच्या डब्यात सुईदोरा. बिस्किटांच्या डब्यात पापड. फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा, उघडला तर निवडलेली कोथिंबीर. मागे हिला डेंग्यू झाला तेव्हा मला साखर सापडली, चहा पावडर सापडली नाही. ती औषधाच्या बाटलीशेजारी कॉफीच्या बरणीत होती. हिला तापात उठवून विचारावं लागलं. उद्या परत तसं झालं तर?’’

कारण खरं होतं, पण तेवढंच कारण असतं तर चहाच्या बरणीवर एक पट्टी चिकटवून भागलं असतं. बाराखडीपर्यंत माणूस जातो तेव्हा त्याला आणखी काहीतरी भरून काढायचं असतं. म्हणून मी डब्यांचा विषय सोडून गाडी कुठली पकडायचात ते विचारलं.

‘‘सात बेचाळीस,’’ काकांचा चेहराच बदलला. मग अर्धा तास मला बोलायला लागलं नाही. तोच डबा, तोच दरवाजा, तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा, कोणी आजारी असला तर त्याच्या घरी फोन, भजनवाल्यांशी अधूनमधून तंटा, दसऱ्याला गाडीची पूजा. तोरणाची आणि पेढ्यांची वर्गणी काकांकडे, हिशेब पैशापैशाचा. ऑफिसचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. गाडी सुटली होती ती ही. झोप मात्र जुन्याच वेळेला उघडत होती. साडेपाचला उठणार, सातला दाढी-आंघोळ-चहा-पेपर उरकून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आणि जायचं कुठे? हॉलमधून स्वयंपाकघरात.

अशा जोडप्यांना मी एक साधं काम देते. दोघांनी वेगवेगळं बसून आपापला कालचा दिवस तासातासाने लिहायचा आणि मग दोन कागद शेजारी ठेवायचे. या दोघांचे कागद ठेवले नि भांडणाची वेळच समोर आली. काकांचे सगळ्यात मोकळे तास सकाळी सात ते अकरा. काकूंचे सगळ्यात घाईचे तास, सात ते अकरा : पाणी, दूध, नाश्ता, पूजा, कुकर, पोळ्या, त्यात भांड्याच्या मावशी. आणि काकूंचा हक्काचा वेळ दुपारी दोन ते चार. काका नोकरीत होते तोवर या दोन तासांत घर त्यांचं एकटीचं असायचं. आडवं पडावं, बहिणीला फोन लावावा, नाहीतर काहीच करू नये. आता दोनला मोठ्या आवाजात बातम्या लागत आणि तीनला ‘चहा टाकतेस का?’.

यात काकूंचंच काही वेगळं होतं असं समजू नका. जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली नवरा निवृत्त झाल्यावर बायकांना सुरू होणाऱ्या पोटाच्या, रक्तदाबाच्या, अंगावर पुरळ उठण्याच्या तक्रारी एकत्र मांडल्या आणि त्याला आजाराचंच नाव दिलं. तिथले नवरे पहाटे जाऊन रात्री येणारे, आमच्या मध्य रेल्वेवरचेही तसेच. काकूंना त्या महिन्यांत पित्ताचा त्रास वाढला होता, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. तोवर त्या लिंबाच्या लोणच्याला दोष देत होत्या.

आणि निवृत्त एकच जण होतो, हेही आपण विसरतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्याच्या पाच वर्षं आधी, २०१९मध्ये, हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं सुटली ती पुरुषांनी उचलली असं नाही, त्यांचीही नऊ कमी झाली. मी हे काकांना दाखवलं. आकड्यांचा माणूस. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘पण मी अठ्ठ्याऐंशीपेक्षा जास्तच करतो.’’

मग दुसरा कागद काढला. घरातली कामं लिहायची आणि प्रत्येक कामात आपला वाटा किती टक्के, ते दोघांनी एकमेकांना न दाखवता भरायचं. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना असंच विचारलं होतं. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. खोटं कोणी बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण बघितलेलंच नसतं.

काका-काकूंचा निकाल असा : भाजी आणणे, काका ७०, काकू ८०. दीडशे टक्के. ‘‘तरीच फ्रीज लागत नाही,’’ काकू म्हणाल्या. त्या दिवशी माझ्या खोलीत दोघं पहिल्यांदा एकदम हसली. भाजीचं खरं असं होतं की काका स्टेशनजवळून स्वस्त मिळाली म्हणून दोन किलो भेंडी आणत, ती जून निघे, मग काकू खाली जाऊन कोवळी पाव किलो आणत. दोघांनी भाजी आणलीच होती. ‘कुकरच्या शिट्ट्या मोजणे’ हे काम काकांनी स्वतःहून यादीत घातलं होतं नि पुढे १०० लिहिलं होतं. काकूंनी त्यासमोर लिहिलं, ‘कोणी सांगितलंय?’

आता उपाय. घरातले मोठे लोक आणि हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात, कामं निम्मी निम्मी वाटून घ्या. माझा त्यावर विश्वास नाही. निम्म्या कामाची देखरेख पूर्णवेळ लागते. ‘तुम्ही कांदा चिरा, मी भाजी टाकते’ यात कांदा कधी चिरायचा, किती, बारीक की उभा, हे सगळं काकूंच्याच डोक्यात राहतं, वर चिरणाऱ्याचं कौतुक करायचं ते वेगळंच. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९मध्ये या डोक्यातल्या कामाची फोड करून दाखवली आहे : काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय बघणं, ठरवणं आणि मग झालं की नाही त्यावर लक्ष ठेवणं. त्यातलं ठरवण्याचं काम जोडपी बरेचदा मिळून करतात. पहिलं आणि शेवटचं मात्र बहुतेक बाईकडेच असतं. किराणा दुकानातून पिशवी उचलून आणणारे नवरे पुष्कळ. तूरडाळ संपत आली आहे हे डबा न उघडता कळणारे किती?

म्हणून एकच काम द्यायचं, पण मुळापासून शेंड्यापर्यंत द्यायचं. आमच्याकडे तर गडी हुकमी होता. मी काकूंना म्हटलं, किराणा काकांना देऊन टाका. यादीसकट. काय संपलं, किती आणायचं, कुठून, कुठे ठेवायचं, सगळं. माळ्यावर आणि मागच्या कपाटात पट्ट्या लावू देत, बाराखडी लावू देत, तो त्यांचा विभाग. ओटा, मांडणीची खालची फळी आणि मिसळणाचा डबा हा तुमचा. काकांनी तिथलं काही हलवायचं नाही. तुम्ही महिनाभर किराण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

काका लगेच तयार झाले. अडून बसल्या त्या काकू. ‘‘ते तांदूळ कुठलाही उचलतील. शेंगदाणे खवट आणतील.’’ आणतील, मी म्हटलं. ‘‘मग?’’ मग खवट दाण्यांचं कूट त्यांनाही खावं लागेल. तक्रार घेऊन आलेल्या बाईला तुमचीही मूठ थोडी सैल करा हे सांगणं अवघड असतं, पण सांगावंच लागतं. ज्या घरात बाईने वर्षानुवर्षं एकहाती सगळं ओढलंय तिथे ‘माझ्याशिवाय अडतं’ हाच तिचा मान असतो. तो सोडायला सांगायचा तर त्याच्या बदल्यात काहीतरी हातात द्यावं लागतं. काकूंना दुपारचे दोन तास दिले. दोन ते चार टीव्ही बंद किंवा कानात हेडफोन, आणि तीनचा चहा काकांनी स्वतःचा स्वतः करायचा. काकूंना हवा असेल तर त्या सांगतील.

पहिल्याच महिन्यात काकांनी पाच किलो जाड पोहे आणले. एकावर काहीतरी सूट होती. मग कांदेपोहे झाले, दडपे पोहे झाले, चिवडा झाला, पोह्यांचं थालीपीठ झालं. काकूंचा मला फोन. ‘‘बोलू का एकदाच?’’

‘‘नाही.’’

‘‘ताई, शेजारीण विचारते, रोज कोणी बघायला येतं का तुमच्याकडे?’’

तरी त्या बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. दीडेक महिन्याने उरलेल्या पोह्यांना जाळी धरली. ती काकांनीच शोधली, कारण जुना माल आधी संपवायचा म्हणून ते दर रविवारी डबे उघडून बघतात. नोंदवहीत त्यांनी रीतसर लिहिलं, ‘पोहे, जाड : १ किलो : निर्लेखित’. खाली सही नि तारीख. पुढच्या महिन्यात पोहे अर्धा किलो आले. काकूंनी हजार वेळा सांगून हे झालं नसतं.

भांड्याच्या मावशींचा प्रश्न निराळा होता. काका त्यांच्या मागे उभे राहून कढईची पाठ दाखवत. मावशींनी काकूंना स्पष्टच सांगितलं होतं, ‘‘काकांना आवरा, नाहीतर मी दुसरं घर बघते.’’ या वयाच्या घरांत ही धमकी मी सारखी ऐकते, आणि ती पोकळ नसते. त्यावर समुपदेशनाचा उपयोग नाही. त्या वेळेत काकांनी घराबाहेर असणं हाच उपाय. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जायला ते तयार नव्हते. ‘‘तिथे सगळे म्हातारे असतात.’’ गाडीतल्या ग्रुपचे आणखी दोघं निवृत्त झाले होते, त्यांच्याशी जमलं. सकाळी फडके रोडवर गणपतीचं दर्शन, मग कोपऱ्यावर कटिंग, येताना आवश्यक तेवढाच किराणा. शिवाय त्यांच्या सोसायटीला कित्येक वर्षं खजिनदार मिळत नव्हता. तो मिळाला. सेक्रेटरींचा फोन मला अजून आलेला नाही, पण येईल असं वाटतं.

हे वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडेही असंच आहे, हसून सोडून द्यावं. बहुतेक वेळा हो. पण काही गोष्टी यात मोडत नाहीत. पट्ट्या चिकटवणं वेगळं आणि बायकोची पर्स तपासणं, रुपया-रुपयाचा हिशेब मागून घालूनपाडून बोलणं, माहेरच्या फोनवर पहारा ठेवणं वेगळं. ती लुडबुड नव्हे, जाच आहे, आणि त्याला सोसत राहणं हे उत्तर नाही. तसंच निवृत्तीनंतर माणूस एकदम गप्प झाला, आठवडेच्या आठवडे झोप-भूक गेली, ‘आता माझा काय उपयोग’ असं बोलायला लागला, किंवा नीटनेटका माणूस अचानक नेहमीच्याच गोष्टी विसरू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. काकांच्या बाबतीत मी या गोष्टी पहिल्या भेटीतच विचारून घेतल्या होत्या.

परवा काकूंचा फोन आला. मिसळणाचा डबा जागेवर आहे. काका पोळ्या शिकायच्या म्हणतायत, त्या अजून ‘बघू’ म्हणतायत. पित्त कमी आहे. चहाच्या बरणीवरची पट्टी त्यांनी राहू दिली आहे, कॉफीच्या बरणीवर ‘चहा पावडर’ लिहिलेलं आता पाहुण्यांनाही कळतं.

‘‘फोन वेगळ्याच कामासाठी केलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या धाकट्या बहिणीला तुमचा नंबर दिला तर चालेल ना? भाऊजी मे महिन्यात रिटायर होतायत.’’

चालेल की, मी म्हटलं. कुठे होते ते?

‘‘ऑडिटला.’’